चाळीस मैलांवरची थरथर

नवे टायर बसवून आठवडा झाला नव्हता, तोवर माझे हात कापायला लागले. आता हे असं एका वाक्यात लिहिलं की कुणीही शहाणा म्हणेल, अरे, मग टायरच बघायचे ना! अहो, पण तेव्हा मला ते सुचलं नाही. सुचलं असतं तर ते तीन आठवडे वाचले असते. माझं डोकं भलत्याच बाजूला पळालं आणि त्याला कारण घरातच होतं. रोज संध्याकाळी ते माझ्यासमोर बसायचं आणि चहाचा पेला दोन्ही हातांनी धरायचं.

ते कारण म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि पंचक्रोशीतल्या नवरदेवाचा कोट आबांच्या हातचा नसला तर वऱ्हाडात कुजबुज व्हायची. पन्नाशी उलटली आणि त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा उगाचच बोटांवर फिरायला लागला. मग तो हात कापायला लागला, मग दुसरा. वैद्यांनी सांगितलं कंपवात, आणि डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नाही. सुईत दोरा जाईना, कात्री खडूच्या रेघेवरून घसरायला लागली, तेव्हा एक दिवस त्यांनी स्वतःच मशीनवर गोधडी टाकली. आई आधीच गेलेली. मला घिवलीजवळ वीजकेंद्राच्या बांधकामावर नकाशे काढायची नोकरी लागली, तेव्हा पालघरला खोली घेतली आणि आबांना बरोबर आणलं.

माझं काम सगळं हाताचं. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर ट्रेसिंगचं कापड ताणून बसवायचं आणि शाईच्या पेननं रेघा ओढायच्या. रेघ एकदा ओढली की ओढली. चुकली तर ब्लेडनं खरवडायची, आणि खरवडलेली जागा साहेबांना चार टेबलं लांबून दिसायची. माझा हात फार चांगला होता. गर्वानं सांगतोय, सांगू द्या. आबांचा हात माझ्यात उतरलाय असं गावात सगळे म्हणायचे आणि ते ऐकून मी फुगायचो. पुढं ह्याच वाक्यानं माझ्या तोंडचं पाणी पळवलं.

मोटरसायकल जुनी होती. चिकूच्या एका वाडीवाल्याकडून घेतलेली, चाकांवरची नक्षी पार गुळगुळीत झालेली. बोईसरला बैलगाड्यांच्या रबरी चाकांची कामं करणारा एक माणूस होता. बांधकामावर रेती-विटा वाहणाऱ्या टायरगाड्या सगळ्या त्याच्याकडं. त्याच्या झोपडीत नवे टायर आणि गाडी टाकली, कामाच्या ट्रकवर चढलो आणि संध्याकाळी तयार गाडी घेऊन घरी आलो. थांबून बघायचा पेशन्स मला तेव्हाही नव्हता आणि आताही नाही.

पालघर ते बोईसर रस्ता म्हणजे नुसते खड्डे. तिथं वीस मैलांच्या वर गाडी नेली तर दात हातात यायचे. पण बोईसरपासून समुद्राकडं, मोठाली यंत्रं न्यायची म्हणून, नवा डांबरी रस्ता होत होता, आणि तो नेमका त्याच आठवड्यात खुला झाला. काय रस्ता होता हो! रुंद, काळाभोर, आणि त्यावर चिटपाखरू नाही. मी गाडीचा कान पिळला. तीस, पस्तीस. चाळीसवर काटा गेला आणि हँडलात काहीतरी जागं झालं. बारीक, सततचं, तळहातातून कोपरापर्यंत चढणारं. नवा रस्ता, नवे टायर, जुनी गाडी, असं व्हायचंच, असं म्हणून मी तसाच दामटत कामावर पोचलो.

टेबलाशी बसलो, पेन शाईत बुडवला, पट्टीला लावला आणि रेघ ओढली. रेघ वाकडी नव्हती. पण तिच्या दोन्ही कडा थरथरल्या होत्या. मुंगी चालत गेल्यासारखी दिसत होती. मी हात झटकला, पुन्हा ओढली, पुन्हा तेच. तासाभरानं हात ताळ्यावर आला, पण तोवर तीन जागा खरवडून झाल्या होत्या.

संध्याकाळी त्याच रस्त्यानं परत, मग खड्ड्यांतून घर. आबा माझ्या गाडीचा आवाज ऐकून चहा ठेवायचे. दोन्ही हातांनी पातेलं धरून, फडक्यावर अर्धा सांडत, पण करायचे. मी दारातच कपबशी हातात घेतली आणि बशी वाजली. आबांच्या हातातली नव्हे, माझ्या हातातली. आम्ही दोघांनी ती ऐकली.

"कधीपासनं?" आबांनी विचारलं.

"काय कधीपासनं?" मी वसकन ओरडलो. "गाडी चालवून आलोय, हात आंबलेत!"

आबांनी माझ्या हातातली कपबशी घेतली आणि खाली जमिनीवर ठेवली, म्हणजे मला धरावी लागू नये. त्या रात्री मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशीपासून मी गाडीच्या मागं लागलो. मनातून गाडीच दोषी निघावी अशी माझी इच्छा होती, त्यामुळं तिचा एकही स्क्रू मी सोडला नाही. इंजिन आवळलं, हँडल आवळलं, साखळी काढून घासलेटात धुतली, हवा कमी केली, हवा जास्त केली. पालघरच्या मेकॅनिकनं गाडी घेतली, बाजारातून स्टेशनपर्यंत पंधरा मैलांनी नेली आणि आणून उभी केली. म्हणाला, "लोणी आहे लोणी. उगाच पाने घेऊन मागं लागू नका तिच्या." मग कामावरच्या ट्रकांच्या मेकॅनिकला दाखवली. तो उत्तरेकडचा, दिलदार माणूस. त्यानं मजुरांच्या तंबूंच्या मधल्या कच्च्या वाटेवर दोन फेऱ्या मारल्या, उतरला आणि हसत हसत म्हणाला, "बाबूजी, गाड़ी में कुछ नहीं है। आप अपने हाथ दिखाइए डॉक्टर को।"

तो बिचारा थट्टेनं बोलला. मी मात्र ते खरं धरलं. त्या दिवसापासून मी गाडीकडं बघायचं सोडलं आणि हातांकडं बघायला लागलो.

हातांकडं बघत बसलं की कुणाचेही हात हलतात. करून बघा. रविवारी मी मोरीत दार लावून हात समोर धरायचो. आधी स्थिर असायचे, मग मी श्वास रोखायचो, मग नजर बोटांच्या टोकावर, आणि हललं! हललंच! बाहेर आलो की आबा माझ्याकडं बघायचे नाहीत. मी म्हणालो, "आबा, सुट्टीच्या दिवशी काही होत नाही मला. म्हणजे ते नाही हे." तर म्हणाले, "माझं बी पयलं वरीस असंच गेलं. आज हाय, उद्या न्हाई." झालं. माझी शेवटची पळवाटही बंद.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. माझ्या टेबलाशी येऊन कापड उचललं, उजेडाकडं धरलं आणि हळूच म्हणाले, "थोडे दिवस पेन्सिलीचं काम करा. शाईचं दुसऱ्याला देऊ." माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. पण खरं सांगतो, नोकरीची भीती मला तितकी वाटली नाही. मला गावाकडचं ते गोधडीखालचं मशीन दिसायला लागलं.

आणि माझं लग्न ठरलं होतं. कऱ्हाडकडची मुलगी. दिवाळीनंतर साखरपुडा करायचं बोलणं झालेलं. एका गुरुवारी मी कामावरून आलो, तासभर बसलो, आणि आबा म्हणाले, "कागद घे. लिही."

"काय लिहू?"

"मुलीच्या बापाला. आमच्या घरात कंपवात हाय. पोराच्या हातात बी दिसायला लागलाय. तुमी तुमच्या मुलीचा इचार करा, आमचा राग न्हाई."

मी खूप भांडलो. तोंडाला येईल ते बोललो. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझ्या आईला कुणी आधी सांगितलं असतं, तर तिनं माझ्या म्हाताऱ्याचं कापतं मनगाट धरून घास भरवला असता का?" आजोबा मी पाळण्यात असतानाच गेलेले. त्यांनाही ते होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मग मी काय भांडणार? लिहिलं पत्र. आबांना लिहिता येत नव्हतं म्हणून मीच, माझंच लग्न मोडायचं, माझ्याच अक्षरात. अक्षर अगदी मोत्यासारखं आलं होतं, आणि मी एवढा गाढव की तेही माझ्या लक्षात आलं नाही! आबांनी पत्र कोटाच्या आतल्या खिशात घातलं. "सोमवारी टाकतो," म्हणाले. शुक्रवारीही टाकता आलं असतं. पण त्यांनी सोमवार म्हटलं, आणि मला कळलं की त्यांचाही जीव होत नाहीये.

शनिवारी अर्ध्या दिवसाचं काम. दुपारी गाडीवर बसलो तेव्हा डोक्यात नुसती आग होती. नव्या रस्त्यावर गाडी अशी पळवली की काटा पन्नासवर. हँडल इतकं कापायला लागलं की मला समोर एकाचे दोन दिसायला लागले. पाम गावाच्या अलीकडं रस्त्याला लागून एका कुंभाराचं अंगण होतं, तिथं करकचून ब्रेक मारला, उतरलो, आणि पुढच्या चाकाला अशी लाथ घातली की माझाच अंगठा ठणकला. वर तोंडानं जे काही निघालं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"त्याला कशाला मारता सायेब? त्याचा काय चुकला?"

अंगणात छपराखाली एक म्हातारा बसला होता. कमरेला पंचा, कोपरापर्यंत माती. त्याच्यासमोर त्याचं मोठं आऱ्यांचं चाक गरगर फिरत होतं आणि मधे मडक्याचा गळा वर येत होता. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नव्हतं.

"ह्याचं चुकलं का माझं चुकलं तेच तर कळत नाही!" मी म्हणालो. आणि मग काय झालं कोण जाणे, ज्याची ओळख ना पाळख त्या माणसासमोर मी सगळं बोलून टाकलं. हात, रेघा, आबा, पत्र, सोमवार. म्हाताऱ्यानं दोऱ्यानं मडकं कापून बाजूला ठेवलं, हात धुतले आणि मग सावकाश म्हणाला, "तुमचा हात मी नाय बघितला. पण तुमी येत व्हता, तवा तुमचा चाक आयकला मी. पुढचा. एका अंगाला जड हाय."

"ऐकलं?"

"चाक सारखा फिरला का एकच आवाज येतो. तुमचा चाक पाय आपटत येतो."

मला वाटलं, म्हातारा मला खेळवतोय. मडकी करणारा माणूस मला मोटरसायकल शिकवणार! पण दोन मेकॅनिकांचं ऐकून झालं होतं, सोमवार परवावर आला होता, आणि माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. त्यानं सांगितलं म्हणून मी लाकडाचा ओंडका आणून इंजिनाखाली सारला. पुढचं चाक अधांतरी झालं.

म्हाताऱ्यानं चाकाला एक बोट लावलं. जोर नाही, नुसतं बोट. चाक फिरलं, हळू झालं, थांबतंय असं वाटलं, आणि उलटं फिरलं. मग पुन्हा सुलटं. झुलत झुलत एका जागी उभं राहिलं. त्यानं जमिनीजवळच्या टायरवर चुन्याचं बोट ओढलं. "आता तुमी फिरवा." मी फिरवलं, चांगलं जोरात. चाक फिरफिर फिरलं, झुललं, आणि चुना बरोबर खाली. मी पुन्हा फिरवलं, उलट्या बाजूनं. चुना खाली! चौथ्या वेळी मी हातानं चुना वर नेऊन चाक सोडून दिलं, तर ते कुणी ढकलल्यासारखं आपणहून वळलं आणि चुना खाली घेऊन उभं राहिलं.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. अजून येतो. मी त्या गाडीचा खिळा न् खिळा काढला, घासला, आवळला. आणि हे चाक इतके दिवस सांगायला तयार होतं. त्याला फक्त मोकळं सोडून विचारायला हवं होतं!

"हे तुम्हाला कुणी शिकवलं, आजोबा?"

म्हातारा हसला. त्यानं मला त्याच्या चाकाशी नेलं. चाकाच्या कडेला मातीचा जाड थर होता, त्यात नारळाचा काथ्या मिसळलेला. "ह्याचा टवका उडाला का चाक जड-हलका व्हतो. मग थरथरतो. चाकाची थरथर हातात येते, हाताची मडक्यात जाते. मडका वाकडा आला का घरची बाय बोलते, तुजा हात गेला म्हाताऱ्या." तो थांबला. "हात नाय जात. चाक जातो. दोनदा मी बी रडत बसलोय हात गेला म्हणून."

मी त्याच्या पाया पडायचाच बाकी होतो. पण त्याचं काम संपलं नव्हतं. काथ्याच्या मातीचा एक गोळा घेऊन त्यानं चुन्याच्या बरोबर समोर, रिमच्या कडेवर थापला. चाक सोडलं. आता माती खाली आली. त्यानं चिमटीएवढी काढली. सोडलं. अजून चिमूटभर काढली. मग तर अगदी नखावर मावेल एवढी परत लावली. आणि मग ते चाक जिथं सोडावं तिथं उभं राहायला लागलं. वर सोडा, उभं. आडवं सोडा, उभं. हलेना की झुलेना. मी आयुष्यात पुढं मोठमोठी यंत्रं बघितली, घरभर मोठी चाकं फिरताना बघितली, पण पामच्या त्या अंगणात ते चाक जसं निमूट उभं राहिलं, तसा थक्क मी पुन्हा कधी झालो नाही.

"जावा, बघून या," म्हातारा म्हणाला.

मी गेलो. तीस. पस्तीस. चाळीसला आपोआप दातांवर दात बसले. काही नाही. पंचेचाळीस. हँडल हातात आहे की नाही असं वाटावं इतकं गप्प. मी एकटाच ओरडलो, अरे! अरे! आणि पन्नासला मडगार्डवर काहीतरी फाडकन आपटलं, आणि त्याच क्षणी थरथर परत आली. मातीचा गोळा उडून गेला होता. आणि मी, ज्याला तीन आठवडे त्या थरथरीनं रडवलं होतं, तो मी रस्त्याच्या मधोमध खदाखदा हसायला लागलो. माती होती तोवर नव्हती, माती गेली आणि आली. म्हणजे माझी नव्हती! मला आणखी काय पुरावा हवा होता?

परत आलो तर म्हातारा पुन्हा चाकावर बसला होता. "उडाली ना? वली माती, उडायचीच," म्हणाला. "आता टायरात काय बसलाय ता खोलून बघा."

बोईसरला त्या टायरवाल्याच्या झोपडीत मी वादळासारखा शिरलो. त्याला शिव्या घालायच्या असा बेत होता आणि चांगल्या निवडूनही ठेवल्या होत्या. त्यानं मुकाट्यानं टायर उतरवला आणि आतून एक पट्टी ओढून काढली. ट्रकच्या जुन्या टायरमधून कापलेली, चाकाच्या आत गोल फिरवलेली, आणि तिची दोन टोकं एकमेकांवर चांगली वीतभर चढलेली. चुन्याची खूण बरोबर त्या जोडावर.

"हे काय आहे?"

"अस्तर. शिंदीच्या काट्याला." त्याला माझा प्रश्नच समजत नव्हता. "आमी सगल्यांना घालतो. न घालता टायर दिला तर लोक बोलतील, कसला माणूस हाय. तुमी परगावचे, म्हणून तुमाला जरा जाड घातला. एका चाकापुरताच व्हता, म्हणून पुढं घातला."

"अरे, पण थरथरतं ना चाक त्यानं!"

"आजपावतर कोण बोलला नाय."

"कोण बोलणार? बैल?"

"मंग? आमच्या गिऱ्हाइकाचा बैल चाळीस मैलानं धावत नाय, सायेब."

मग त्यानं ती पट्टी उलटी करून माझ्यासमोर धरली. तिच्यात शिंदीचे दोन काटे रुतलेले होते, बोटाच्या पेराएवढे. टायर फोडून आत आलेले आणि अस्तरात अडकलेले. ट्यूबला टोकसुद्धा लागलं नव्हतं. ज्या माणसाला शिव्या घालायला मी आलो होतो, त्यानं मला न सांगता, न विचारता, दोनदा वाचवलं होतं. निवडून आणलेल्या शिव्या मी गिळल्या. वीतभर चढलेला जोड त्यानं कापला, टोकाला टोक भिडवलं, टायर बसवला. मग मी त्याला म्हाताऱ्याची रीत करून दाखवली. चाक जिथं सोडावं तिथं उभं राहिलं, आणि तो टायरवालाही "आयशपथ!" म्हणत ते दहा वेळा फिरवून बघत बसला.

घरी येऊन मी आबांना सगळं सांगितलं. एका दमात, हातवारे करून, कुंभार, चुना, माती, काटे. कपबशी हातात घेऊन त्यांच्यासमोर धरली. बशी वाजली नाही. आबांनी माझ्या हाताकडं बघितलं, मग तोंडाकडं.

"माझी समजूत घालतोयस," म्हणाले.

"आबा, शपथ!"

"आज हाय, उद्या न्हाई. मला ठाव हाय ते." आणि त्यांचा हात कोटाच्या खिशाकडं गेला.

मी चिडलो. काय करणार, स्वभाव. "ठीक आहे," म्हणालो, "उद्या सकाळी तुम्ही माझ्या मागं बसा. स्वतः बघा. पटलं नाही तर सोमवारी मीच टाकतो पत्र पेटीत."

आबा कधी गाडीवर बसले नव्हते. हातांनी धरवायचं नाही म्हणून मीही कधी बसवलं नव्हतं. रविवारी सकाळी त्यांनी कोट घातला, टोपी घट्ट केली आणि मागं बसले. दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले. पालघर ते बोईसर खड्डे, तिथं काही कळायचं कारणच नव्हतं. बोईसर मागं पडलं, काळा रस्ता लागला, आणि मी कान पिळला.

"तीस," मी ओरडून सांगितलं. "पस्तीस. आबा, आता चाळीस. इथंच यायची."

गाडीत काही हललं नाही. हँडल गप्प, चाक गप्प, माझे हात गप्प. त्या अख्ख्या गाडीवर एकच थरथर उरली होती, आणि ती माझ्या दोन खांद्यांवर होती. आबांचे हात. तीन आठवडे मी त्या थरथरीला इतका भ्यालो होतो, की ती जवळून कशी असते हे मला माहीतच नव्हतं. दुखणं जडल्यापासून आबांनी मला हात लावला नव्हता. माझ्या अंगाला ते कळू नये म्हणून. एवढ्या वर्षांनी त्यांचे हात माझ्यावर होते, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. वाऱ्यानं नव्हे.

"अजून जोरात घे," आबा मागून म्हणाले.

पंचेचाळीस. पन्नास. आबांचा उजवा हात खांद्यावरून सुटला आणि माझ्या दंडावरून, कोपरावरून खाली सरकत मनगटापर्यंत आला. बाहीचं माप घेताना घ्यायचे, तसा. तिथं त्यांनी मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं. आपली थरथर किती आणि माझी किती, हे ते बोटांनी वेगळं करत होते. मैलभर तसेच गेलो. मी गाडी हलू दिली नाही.

मग ते पुढं वाकले. त्यांची हनुवटी माझ्या खांद्याला लागली.

"बरं झालं," आबा म्हणाले. "माझं माझ्यापाशीच ऱ्हायलं."